कोरडी भिंत कपड्यांची

शिट्टी दवाखान्यात शिरायच्या आधी तिची छाती शिरायची. पोरगी बाहेरच्या बाकावर आईला टेकून बसलेली असायची, आत डॉक्टरबाई कुणाचा तरी सुजलेला घोटा दाबून बघत असायच्या, आणि पडद्यापलीकडून तो बारीक, लांबत जाणारा सूर यायचा. गोळ्यांच्या पुड्या बांधता बांधता कंपाउंडर मावशी म्हणायच्या, "आली हो आपली शिट्टी."

नाव मावशींनीच ठेवलेलं. मावशी दवाखान्यात डॉक्टरबाईंच्याही आधीपासून होत्या, म्हणजे बाईंचे सासरे डॉक्टर होते तेव्हापासून, आणि त्यामुळे कुणालाही काहीही म्हणायचा परवाना आपल्याला मिळालेला आहे अशी त्यांची समजूत होती. पोरीलाही नावाचा राग नव्हता. आठ वर्षांची, काटकुळी, पण बोलायला खमकी. वर्गात बाकीच्यांना तोंडाने शिट्टी वाजवायला किती खटपट करावी लागते, माझी आपोआप वाजते, असं ती मावशींना ऐकवायची आणि मग खोकत बसायची.

वर्षभरात ती सतरा वेळा आली होती. केसपेपर संपला म्हणून त्याला दुसरा टाचला, तोही मागच्या बाजूने भरत आला. औषध बदललं, पंप दिला, पंप कसा ओढायचा ते तीनदा शिकवलं, वाफेच्या मशीनवर बसवलं. चार दिवस बरी राहायची आणि पाचव्या दिवशी पुन्हा पडद्यापलीकडे सूर. डॉक्टरबाईंनी पुस्तकातले सगळे प्रश्न विचारले होते. घरात कुणी विडी ओढतं का? मांजर आहे का? धूळ असते का? आई प्रत्येकाला नाही म्हणायची. ती इस्त्रीची कामं करायची, दवाखान्याचे पांढरे कोटही तिच्याकडेच जायचे, आणि धूळ हा शब्द तिला शिवी दिल्यासारखा लागायचा. घरात ओल आहे का, हेही बाईंनी विचारलं होतं. तेव्हा ती, तशी काही विशेष नाही, म्हणाली होती. त्या 'तशी'पाशी थांबायला हवं होतं, हे बाईंना फार नंतर कळलं. बाहेर वीस माणसं बसलेली असताना कोण कशापाशी थांबतं?

कळलं ते वहीमुळे. मशीनचा मास्क नाकावर लावून शिट्टी गणितं सोडवत होती आणि बाईंचं लक्ष वहीकडे गेलं. पानं पापडासारखी फुगून वाकडी झाली होती, पुठ्ठ्यावर काळे बारीक ठिपके. वही पाण्यात पडली का, बाईंनी विचारलं. शिट्टीने मास्क बाजूला केला.

"नाही. भिंतीला टेकून ठेवते ना, म्हणून. माझी उशीपण तशीच आहे."

आईने घाईघाईने मास्क परत लावला. एक हात पोरीच्या डोक्यावर आणि नजर खाली. त्या दिवशी दुपारी दवाखाना बंद करून त्या घरी जेवायला न जाता सरळ तिच्या खोलीवर गेल्या.

खोली तळमजल्यावरची, दोन गल्ल्या पलीकडे. घरमालक वरच राहायचा. दार उघडलं तसा आधी वास आला, बुडालेल्या गोणपाटासारखा. डाव्या हाताची भिंत छतापासून कमरेपर्यंत काळीशार, मध्ये मध्ये पोपडे, खाली जुन्या पत्र्याचा तुकडा ठोकून त्यावर कॅलेंडर लावलेलं. कॅलेंडरही खालून कुजलेलं. भिंतीला हात लावला तर तळवा ओला झाला. आणि त्या भिंतीला लागून शिट्टीची गादी. समोरची भिंत मात्र स्वच्छ, पांढरी, खडखडीत. तिला लागून फळ्या, फळ्यांवर गिऱ्हाइकांचे कपडे, घड्या अशा की पट्टीने आखल्यासारख्या. मध्ये इस्त्रीचं टेबल. यातच दोघी राहायच्या. नवरा लांबच्या ट्रकवर, वर्षातून दोनदा यायचा.

पोरीला त्या बाजूला झोपव, कपडे इकडे ठेव, असं बाई म्हणाल्या. हे त्यांना अगदी साधं वाटलं. इस्त्रीवालीने मान हलवली. एकदा केलं होतं तसं, ती म्हणाली. एका बँकेतल्या साहेबाचा शर्ट परत आला, ओलीचा वास येतो म्हणून. त्याच्या मागोमाग त्याच्या जिन्यावरची चार घरं तुटली.

"कोरडी भिंत एकच आहे, बाई. ती कपड्यांची."

हे तिने रडून सांगितलं असतं तर बाईंना बरं वाटलं असतं. तिने ते पाणी किती वाजता येतं हे सांगावं तसं सांगितलं, आणि इस्त्री गरम झाली का बघायला बोट ओलं करून तिला लावलं.

वर नेमकं त्या भिंतीच्या डोक्यावर मालकाचं न्हाणीघर होतं. आतला पाइप गळतोय हे प्लंबरने दीड वर्षापूर्वीच सांगितलेलं. पण पाइप बदलायचा म्हणजे न्हाणीघराच्या फरश्या फोडायला लागणार, आणि फरश्या नवीन होत्या. त्यांच्यावर मासे होते.

घरमालक डॉक्टरबाईंचाच पेशंट. वीस वर्षं. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी रक्तदाब तपासायला यायचा, हातात प्लास्टिकची फाइल, तिच्यात तारीखवार लावलेले कागद. उभा जन्म त्याने एका कचेरीच्या दप्तरखान्यात काढला होता आणि निवृत्त झाल्यावर तो दप्तरखाना घरी घेऊन आला होता. माणूस वाईट म्हणावा असा नव्हता. कधी आवाज चढवला नाही, कधी रांग मोडली नाही. बाई त्याला काका म्हणायच्या. मावशी त्याला जावक क्रमांक म्हणायच्या, पाठीमागे.

त्या सोमवारी दंडाला पट्टा बांधता बांधता बाईंनी विषय काढला. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले की ती बाई दिवसभर वाफेची इस्त्री फिरवते, ओल येणार नाही तर काय होईल. बाईंनी सांगितलं की वाफ चारही भिंतींना लागते, एकाच भिंतीला निवडून लागत नाही. काका म्हणाले, मासे असलेल्या त्या फरश्या आता मिळत नाहीत, कंपनीने बंद केल्या. बाईंनी पट्टा थोडा जास्तच फुगवला. काका कळवळले नाहीत, पण बोलले.

"असं करा डॉक्टरबाई, मला लेखी द्या. तोंडी मी आयुष्यात कधी काही केलेलं नाही. तुमच्या सहीचा कागद आला की बघा, तुमच्या शब्दाबाहेर मी नाही."

बाईंना वाटलं, जिंकले. एवढंच ना, एक कागद. कागद तर त्या दिवसातून पंधरा लिहीत होत्या.

इस्त्रीवालीला सांगितलं तर ती खूश व्हायचं सोडून घाबरली. नका लिहू बाई, राहतोय ना आम्ही, म्हणाली. एकदा म्हणाली, दोनदा म्हणाली. बाईंनी तिला समजावलं, की गोळ्या मी देतच राहीन, पण भिंत गोळ्या खात नाही. वीस वर्षांत काकांनी माझं एक पथ्य मोडलेलं नाही, माझं ऐकतात ते. थोडीशी ओरडल्याही. औषध घ्यायला कुरकुर करणाऱ्या पेशंटवर ओरडावं तसंच. मग ती गप्प बसली.

रात्रीचा दवाखाना संपवून बाईंनी दवाखान्याच्या छापील कागदावर लिहिलं. हात तीस वर्षांच्या सवयीचा. जड वस्तू उचलू नये. आठ दिवस विश्रांती घ्यावी. थंड पाण्यात काम करू नये. डॉक्टरच्या कागदावर नेहमी पेशंटनेच काहीतरी करायचं असतं किंवा करायचं नसतं, हाताला दुसरी वाट माहीत नव्हती. त्यांनी लिहिलं:

"सदर रुग्ण माझ्या उपचाराखाली असून तिला श्वासाचा जुनाट विकार आहे. ती राहते ती खोली अत्यंत दमट असून तिच्या प्रकृतीस घातक आहे. सदर रुग्णाने अशा खोलीत राहू नये, असा माझा वैद्यकीय सल्ला आहे."

'घातक' शब्दाखाली रेघ मारली. काकांना धक्का बसावा म्हणून. मावशींनी शिक्का उमटवायच्या आधी कागद नाकाशी धरून वाचला. वाचल्याशिवाय शिक्का मारायचा नाही, हा त्यांचा सासऱ्यांच्या काळापासूनचा शिरस्ता.

"यात पाइप कुठंय?"

"अहो मावशी, कळतं ते. शहाणा माणूस आहे."

"शहाणा आहे म्हणूनच विचारते," मावशी म्हणाल्या आणि शिक्का मारला.

पुढचे बारा दिवस बाई त्या गल्लीतून मुद्दाम जात राहिल्या. वाट वाकडी करून, कधी भाजीची पिशवी हातात, कधी नुसत्याच. कान वरच्या मजल्याकडे. हातोड्याचा आवाज कधी येतो, याची त्या अशी वाट बघत होत्या जशी लेकीच्या निकालाचीही बघितली नव्हती. आणि तेराव्या दिवशी आला. ठक, ठक, ठक. बाई रस्त्याच्या मधोमध थांबल्या. मागून सायकलवाल्याने घंटी वाजवली, तरी हलल्या नाहीत. फुटले एकदाचे मासे, त्या मनाशी म्हणाल्या, आणि शिट्टीसाठी नवी वही घ्यायला कोपऱ्यावरच्या दुकानात वळल्या. वही घेऊन, तिच्यावर रॉकेटचं चित्र आहे याची खात्री करून परत आल्या तेव्हा काका स्टुलावरून उतरत होते. दाराच्या चौकटीवर त्यांनी पाटी ठोकली होती. खोली भाड्याने देणे आहे. अक्षर सुबक होतं.

बाई त्यांच्या मागोमाग वर गेल्या. काकांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, फाइल आणली. बाईंचं पत्र तिच्यात लावलेलं होतं, वर कोपऱ्यात आवक क्रमांक आणि मिळाल्याची तारीख. 'घातक'खालच्या रेघेवर काकांनी लाल पेन्सिलीने आणखी एक रेघ ओढलेली.

"तुमचा सल्ला तंतोतंत अमलात आणला. महिन्याची मुदत दिली बाईला. तशी पंधरा दिवसांचीही चालली असती, पण म्हटलं लहान पोर आहे."

बाई म्हणाल्या, मला भिंत म्हणायची होती. पाइप दुरुस्त करा, असं म्हणायचं होतं मला. काकांनी चष्मा लावून कागद पुन्हा वाचला, प्रामाणिकपणे वाचला, ओठ हलवत.

"भिंतीचा उल्लेख नाही यात."

"काका, तुम्हाला कळलं होतं मला काय म्हणायचंय ते."

"मला कळून काय उपयोग? उद्या त्या पोरीचं काही बरंवाईट झालं, तर कागद माझ्याकडे निघणार. खोली घातक आहे हे मालकाला लेखी कळवलेलं होतं, तरी त्याने पेशंटला ठेवून घेतलं. मग कोण सापडलं? तुम्ही नाही. मी." त्यांनी फाइल मिटली. "तुम्ही दुसरं पत्र द्या ना. की खोली चांगली आहे, राहायला हरकत नाही. मी पाटी आत्ता काढतो."

दुसरं पत्र बाई काय म्हणून लिहिणार होत्या? खोली घातक होतीच. मग जी दुसरी माणसं येतील त्यांचं काय, एवढंच त्यांनी विचारलं. काका म्हणाले, त्यांच्याबद्दल तुमचं काही पत्र नाही.

तीस वर्षं बाई माणसांना सल्ले देत आल्या होत्या. मीठ कमी करा, रोज चाला, दारू सोडा, मुलीला इतक्या लवकर दुसरं मूल नको. शंभरातला एक सल्ला कुणी पाळला तर नशीब. आणि पाळला गेला तो हा. अक्षरशः, मुदतीच्या आत, फाइलला लावून.

त्या उठल्या तेव्हा काकांनी विचारलं, ती नवीन गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर. आणि डॉक्टरबाईंनी सांगितलं, नंतर. जिना उतरताना त्यांना स्वतःच्या जिभेची लाज वाटली, पण सांगून तर झालं होतं. वहीची गुंडाळी करून त्यांनी पिशवीत खुपसली. खालच्या दारापाशी त्या क्षणभर थांबल्या. आत इस्त्री टेबलावर आपटल्याचा आवाज येत होता. दार वाजवायची हिंमत झाली नाही.

मग बाईंनी धावपळ केली, नाही असं नाही. नगरपालिकेच्या आरोग्य खात्यात गेल्या. तिथल्या कारकुनाने त्यांना ओळखलं, खुर्ची दिली. गळका पाइप घरमालकाच्या हद्दीत येतो, म्हणून बांधकाम खात्याकडे जा, म्हणाला. बांधकाम खात्याने विचारलं, भिंत पडायला झालीय का? नाही? मग आजाराचं असेल तर आरोग्य खातं. घरी नवरा म्हणाला, तू डॉक्टर आहेस, गवंडी नाहीस. हे तो प्रेमानेच म्हणाला. म्हणून त्यांना जास्त लागलं.

महिना संपायला चार दिवस उरले असताना इस्त्रीवाली दवाखान्यात आली. हातात बाईंचे तीन पांढरे कोट, कागदात गुंडाळलेले, दोऱ्याने बांधलेले. बरोबर शिट्टी. पडद्यापलीकडून या वेळी सूर आला नव्हता, म्हणून मावशीही दचकल्या.

तिने गाठोडं टेबलावर ठेवलं. तुम्ही चांगल्यासाठीच लिहिलंत, असं ती आल्या आल्या म्हणाली. बहुधा वाटेत ठरवून आली असावी, आधी हे म्हणून टाकायचं. बाईंना त्यापेक्षा तिने तोंडावर दार आपटलेलं चाललं असतं.

मग तिने सांगितलं. अकरा खोल्या बघून झाल्या. मिळायची वेळ आली की पोरगी खोकते. जुनी खोली का सोडली म्हणून विचारतात, वरून काकांना फोन करतात, आणि काका खरं ते सांगतात: डॉक्टरच्या लेखी सल्ल्यावरून. मग कुणी म्हणतं, घर भरून जाईल खोकल्याने, कुणी म्हणतं, आमच्या घरी म्हातारं माणूस आहे. आता बारावी मिळतेय, मळीच्या कारखान्यामागे. मालकीण म्हणाली, पोर धडधाकट आहे असा डॉक्टरचा दाखला आण.

"मी लिहून देते ना," बाई म्हणाल्या, आणि कागद ओढला. "हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही, असं स्वच्छ लिहिते. फोनवरही बोलते तिच्याशी."

इस्त्रीवालीने कागदावर हात ठेवला. उलटा, पालथा हात. बोटांवर इस्त्रीचे जुने डाग.

"नको बाई. तुमचं खरं लिहिलेलं एकदा बघितलं मी. आजार हा शब्दच नको त्यात. नाव, वय, तब्येत ठणठणीत. एवढंच."

तपासल्याशिवाय बाईंनी आजवर कुणाला दाखला दिला नव्हता. सासऱ्यांनी शिकवलेली ती पहिली गोष्ट. नळी गळ्यातच होती. पण ती पोरीच्या पाठीला लावली असती तर पुढचं काही लिहिता आलं नसतं. असा दाखला एकदा गेला की तिथली भिंत, तिथला धूर, तिथलं पाणी, कशाबद्दलच उद्या तोंड उघडता येणार नाही, हेही त्यांना दिसत होतं. ठणठणीत पोर आजारी कसं पडेल?

"भिंती बघितल्यास का तिथल्या?" त्यांनी विचारलं.

"बघितल्या. नवा रंग दिलाय."

"चारही?"

"नाही. एकच," इस्त्रीवाली म्हणाली, आणि दोघींनी एकमेकींकडे बघायचं टाळलं.

शिट्टी टेबलाच्या कडेला उभी होती. एवढा वेळ एक शब्द बोलली नव्हती, आणि आता आईने कोपराने हलकेच ढोसल्यावर म्हणाली, "मी आता वाजत नाही, बघा." खोली बघायला जाताना जिन्यातच दोन पंप मारायचे, आत गेल्यावर तोंड मिटून नाकाने हळूहळू घ्यायचं, कुणी काही विचारलं तर मान हलवायची, हे सगळं तिने कविता पाठ केल्यासारखं सांगितलं. मग ओठ घट्ट मिटून ती उभी राहिली. आई मनात आकडे मोजत होती, ते तिच्या हनुवटीवरून कळत होतं. पोरीच्या गळ्यापाशी खळगा पडत होता, भरत होता, पुन्हा पडत होता. आवाज नव्हता.

डॉक्टरबाईंनी लिहिलं. नाव, वय. प्रकृती उत्तम. कोणताही आजार नाही. सही केली. मावशींनी या वेळी कागद नाकाशी धरला नाही. शिक्का मारला आणि तोंड फिरवून पुड्या बांधायला लागल्या, तिथे बांधायला गोळ्या नसताना.

बाईंनी ड्रॉवरमधून रॉकेटची वही काढून शिट्टीला दिली, आणि खालच्या कप्प्यातले दोन पंप, कागदात गुंडाळून, मालकिणीला दिसणार नाहीत असे. शिट्टीने वही छातीशी धरली, पण आभार मानायला तोंड उघडलं नाही. अजून दाखवणं चालूच होतं तिचं.

पायऱ्या उतरून दोघी रस्त्यावर गेल्या, आणि मग खिडकीतून आत आला तो सूर, साचून राहिलेला, एकदम, आधीपेक्षा मोठा. वळणापर्यंत येत राहिला. मावशी रिकाम्या पुड्या बांधत राहिल्या.

डॉक्टरबाईंनी गाठोड्याचा दोरा सोडला. अंगातला कोट काढून वरचा घातला, बटणं लावली आणि पुढच्या पेशंटसाठी घंटी दाबली. कोट कडक होता, पांढराशुभ्र. ओलीचा वास त्याला मुळीच येत नव्हता.